वणवा, डोंगरातलं गाव आणि भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की वणव्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्याखाली हळहळ व्यक्त होते आणि जूनमध्ये डोंगर हिरवा झाला की विषय मिटतो. गावाचा तोटा मात्र जूनमध्ये मिटत नाही. ट्रेकला येणारी मंडळी, होमस्टे चालवणारे, बागायतदार, कॉलेजातली मुलं आम्हाला दर वर्षी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर सह्याद्रीवर आहे, कारण आमची भटकंती आणि आमचं काम तिथलंच. गोवा, विदर्भ आणि बाहेरची उदाहरणं गरज पडली तिथे घेतली आहेत.

सह्याद्रीतल्या वणव्यात नेमकं जळतं काय?

टीव्हीवर दिसणारी कॅलिफोर्नियातली आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते. आपल्याकडची बहुतेक आग जमिनीलगत असते. वाळलेलं गवत, पालापाचोळा, झुडपं, कारवी आणि झाडांची कोवळी रोपं जळतात. मोठी झाडं बुंध्याला काळी पडून बऱ्याचदा तशीच उभी राहतात. म्हणून मग "जंगल काही गेलं नाही, नुसतं गवत जळालं" असं म्हणून लोक मोकळे होतात. पण डोंगरातल्या गावाचा संसार त्या गवतावरच चालतो. इमारती लाकूड विकून इथे कुणी जगत नाही.

गवत जाऊन असं किती नुकसान होणार?

हिशेब करून बघू. एका म्हशीला रोज 6 किलो सुका चारा धरला, तर मार्च ते मे या 3 महिन्यांत तिला साडेपाच क्विंटल चारा लागतो. घरात 2 म्हशी आणि बैलजोडी असेल तर गरज 20 क्विंटलच्या घरात जाते. डोंगरउतारावरचं गवत दिवाळीनंतर कापून, पेंढ्या बांधून, गंजी रचून ही गरज भागवलेली असते. उरलेलं गवत उभ्याने चरायला असतं. वणवा आला की उभं गवत तर जातंच, पण ठिणगी गंजीवर पडली तर वर्षाची बेगमी तासाभरात संपते. मग चारा विकत आणायचा, तोही घाटाखालून टेम्पोचं भाडं भरून आणि नेमका महागाईच्या दिवसांत. ते परवडलं नाही तर जनावर बाजारात न्यायचं. चाऱ्याअभावी विकायला आलेल्या जनावराला भाव किती मिळतो, हे कुठल्याही आठवडी बाजारात विचारून पाहा. म्हैस गेली की दूध गेलं, शेण गेलं आणि पावसाळ्यात डेअरीतून दर दहा दिवसांनी हातात येणारी रक्कमही गेली.

गवताखेरीज आणखीही बरंच काही असतं. जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. अनेक आदिवासी कुटुंबांसाठी ती पावसाळ्याआधीची रोख कमाई असते. खालून आगीची धग लागली की कोवळी फळं करपतात. करवंदं आणि जांभळांचंही तेच. महाबळेश्वरच्या बाजूला मधाचा धंदा आहे. तिथलं मांघर हे गाव 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. सातेरी माशी धुराने आणि धगीने बिथरते व पेटी सोडून निघून जाते. ती परत आली तरी आजूबाजूला फुलोरा उरलेला नसेल तर मध कुठून येणार? कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींना आणि मांडवाला लागतात, त्याही जळतात.

यातली एकही गोष्ट वणव्याच्या नोंदीत येत नाही. नोंद होते ती हेक्टरची. 'इतके हेक्टर क्षेत्र बाधित' एवढं एका ओळीत लिहिलं की कागद पूर्ण होतो. वणव्याचा खर्च गावातल्या घराघरांत विखुरलेला असतो आणि त्याची बेरीज कुणी मांडत नाही. त्यामुळे तो टाळण्यासाठी पैसाही कुणी काढत नाही. आमच्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे.

पण जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं ना?

हा समज जुना आहे आणि त्याला डोळ्यांनी दिसणारा आधार आहे, म्हणून तो सहज खोडता येत नाही. जुनी वाळकी धाटं जळून जागा मोकळी होते, राख पडते आणि पहिल्या पावसाबरोबर हिरवे कोंब लवकर दिसतात. चारणाऱ्याला वाटतं की काम झालं.

पुढचं हळूहळू घडतं. उघड्या पडलेल्या उतारावर पहिला मोठा पाऊस पडला की राख आणि वरची माती ओढ्यात जाते. वर्षानुवर्षं आग लागत राहिली की गवताची जात बदलते. पवन्यासारखं गुरांना आवडणारं गवत मागे हटतं आणि आगीला पुरून उरणारी कुसळी पसरते. कुसळी कोवळी असेपर्यंत गुरं खातात. ती पिकली की तिची टोकदार कुसळं जनावरांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं, "आबा, पूर्वी या माळावर कुठलं गवत होतं?" तर तो दोन-चार नावं सांगतो आणि आता तिथे कुसळी सोडून काही नाही असंही सांगतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा या प्रश्नाने बोलणं सुरू करावं, असा आमचा अनुभव आहे.

वणवे लावतं कोण?

आपल्या हवामानात आपोआप पेटणारी आग अगदी विरळा. बहुतेक सगळ्या आगी माणसामुळे लागतात. कुणी गवतासाठी पेटवतं, कुणी बांध जाळताना हयगय करतं, कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना ठिणगी उडते, शिकारी रान उठवायला आग लावतात, वीजवाहिन्यांच्या तारा घासून ठिणग्या पडतात. आणि हो, ट्रेकरची चूल, शेकोटी, न विझवता फेकलेली सिगारेट हीदेखील कारणं आहेत. दोष फक्त गावकऱ्यांवर ढकलणाऱ्या पोस्ट वाचून वाईट वाटतं. शहरातून आलेल्या ग्रुपने गडावर पेटवलेली आणि तशीच सोडून दिलेली शेकोटी आम्ही अनेकदा विझवली आहे.

कायद्याने यातलं काहीच माफ नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 30 ने बंदी आहे.

मार्च-एप्रिलमध्ये ट्रेकर तसेही कमी असतात. मग पर्यटनाचं काय जातं?

उन्हाळ्यात डोंगरात गर्दी नसते, हे खरं. पण होमस्टेवाल्याचं नुकसान पुढच्या महिन्यांत दिसतं.

पहिला फटका काजव्यांच्या दिवसांना बसतो. भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला हजारो लोक येतात. काजव्याच्या अळ्या ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात वाढतात. जमिनीवरचा तो थरच जळाला तर त्या पट्ट्यात काजवे कुठून दिसणार? भात लावणीच्या आधी, बियाणं आणि खत घ्यायच्या वेळी हे पैसे घरात येतात, म्हणून त्यांचं मोल जास्त.

दुसरा फटका पाऊलवाटांना बसतो. गवत आणि झुडपं गेली की उतारावरची माती धरून ठेवायला काही उरत नाही. पावसाळ्यात वाट घसरडी होते आणि तिच्यात घळी पडतात. गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांत गाळ येतो. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं नसेल तर मुक्कामी ट्रेक होत नाही आणि मुक्काम नाही म्हणजे रात्रीचं जेवण नाही, सकाळचे पोहे नाहीत.

तिसरा फटका फुलांच्या हंगामाचा. कास पठार 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथलं व्यवस्थापन आजूबाजूच्या गावांची समिती वन विभागाबरोबर करते आणि प्रवेश शुल्कातून गावातल्या मुलांना हंगामी काम मिळतं. ज्या गावाला अशी फुलं जपून उत्पन्न मिळतं, ते गाव वणव्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. उलट शेजारच्या ज्या गावाला त्या पर्यटनातून काहीच मिळत नाही, त्याने आपल्या डोंगराची राखण कशासाठी करावी, हा प्रश्न रास्तच आहे.

एक ग्रुप रद्द झाला तर गावाचं असं कितीसं जातं?

20 जणांचा ग्रुप धरा. 2 वेळचं जेवण, माणशी 200 रुपये वेळेला, म्हणजे 8,000 रुपये. चहा-नाश्ता 1,000. वाटाड्याचे 1,500. स्टेशनवरून जीपच्या फेऱ्या 3,000. झाले साडेतेरा हजार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले दर घालून बेरीज करा. मोठ्या हॉटेलात खर्च झालेला रुपया बऱ्यापैकी बाहेर जातो. इथे मात्र तांदूळ घरचे, अंडी शेजारणीची, भाकऱ्या थापायला आलेल्या दोन बायकांची मजुरी, जीपवाला त्याच वाडीचा. एका रद्द झालेल्या ट्रेकची झळ पाच-सहा घरांना लागते.

वणव्याच्या दिवसांत ट्रेकिंग बंदच का करत नाहीत?

तामिळनाडूत याची फार मोठी किंमत मोजली गेली. 11 मार्च 2018 रोजी थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि 20 हून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे ट्रेकिंगवर निर्बंध आले, नियम झाले आणि 2024 मध्ये राज्य सरकारने ठरावीक 40 मार्गांसाठी ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था सुरू केली. त्यात वाटाडे स्थानिक असतात आणि आगीच्या हंगामात मार्ग बंद ठेवतात. कर्नाटकात फेब्रुवारी 2019 मध्ये बंदीपूरला मोठी आग लागली तेव्हा सफारी काही दिवस थांबवावी लागली.

सरसकट बंदी आम्हाला पटत नाही. बंदी आली की वाटाड्या आणि होमस्टेवाला दोघांचंही उत्पन्न बुडतं, वर डोंगरावर लक्ष ठेवणारे डोळेही कमी होतात. पण वाळकं गवत कंबरेएवढं असलेल्या उतारावरचे मार्ग दुपारी बंद ठेवणं, शेकोटीला पूर्ण मनाई, ग्रुपची संख्या मर्यादित ठेवणं आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचा करणं, एवढं तरी महाराष्ट्रात व्हायलाच हवं. कुरंगणीसारखं इथे काही घडेपर्यंत थांबू नये.

गोव्यात 2023 मध्ये काय झालं होतं?

त्या वर्षी मार्चमध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या जंगलांत 70 हून अधिक ठिकाणी आगी लागल्या. नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी पाणी टाकलं. मार्च म्हणजे गोव्यात ऐन काजूचा हंगाम. बोंडं पडत असतात, बोंडांच्या रसाची हुर्राक ही दारू निघत असते, फेणीच्या भट्ट्या चालू असतात. डोंगरावरच्या बागायतीला आग लागली की बी आणि बोंड दोन्ही जातात. शिवाय काजूचं झाड पुन्हा उभं राहून भरपूर फळायला काही वर्षं लागतात, म्हणून तोटा एका हंगामापुरता राहत नाही.

विदर्भात चित्र वेगळं आहे का?

खूपच. तिथे मोह आणि विड्यांच्या पानांचा तेंदू आहे. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. म्हणजे ज्या जंगलातून रोजी मिळते तेच रोजीसाठी जाळायचं, अशी कोंडी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने ती फोडली. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपानं तोडणं थांबवलं, कारण त्यात फांद्या छाटल्या जात होत्या आणि आगी लागत होत्या. त्याऐवजी बांबूच्या नियोजनबद्ध तोडणीवर भर दिला. तेंदूचा हुकमी पैसा सोडणं सोपं नव्हतं. ते जमलं, कारण जंगल आपलं आहे आणि बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येणार आहे, याची खात्री होती. आग रोखायला कायद्याचा धाक लागतोच, पण मालकीची खात्री त्याहून जास्त कामाला येते असं आम्हाला वाटतं.

ताडोबासारख्या ठिकाणी मार्च ते मे हाच सफारीचाही भर असतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून बुकिंग भरलेलं असतं. त्यामुळे तिथे आगीवर माणसं आणि पैसा दोन्ही लावतात. सह्याद्रीतल्या साध्या वनात तशी कमाई नाही आणि तसं लक्षही नाही.

परदेशात या नुकसानीचा हिशेब कसा मांडतात?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं उदाहरण बोलकं आहे. 2 सप्टेंबर 2017 रोजी कोलंबिया नदीच्या दरीत ईगल क्रीकच्या वाटेवर 15 वर्षांच्या एका मुलाने फटाका फेकला. वणवा पेटला, दीडशेच्या आसपास ट्रेकरना रात्र जंगलात काढावी लागली, महामार्ग बंद झाला. पुढे न्यायालयाने त्या मुलाला 3 कोटी 66 लाख डॉलर भरपाईचा आदेश दिला. एवढी रक्कम तो फेडू शकत नाही हे न्यायालयालाही ठाऊक होतं, म्हणून हप्त्यांची सोय ठेवली. ईगल क्रीकची वाट पुन्हा खुली व्हायला 2021 उजाडलं. शिक्षा योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण जंगल जळण्याची एक किंमत ठरवता येते आणि ती कागदावर मांडता येते, हे तिथे मान्य झालं.

अमेरिकेच्याच हवाई राज्यात, माउई बेटावरच्या लहैना गावची गोष्ट आणखी त्रासदायक आहे. 8 ऑगस्ट 2023 च्या आगीत तिथे 100 हून अधिक माणसं गेली आणि 2,000 हून अधिक इमारती जळाल्या. पर्यटकांना निघून जायला सांगितलं गेलं. नंतर बेटाच्या न जळालेल्या भागातली हॉटेलंही ओस पडली आणि कामगारांचे रोजगार गेले. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, पश्चिम माउई पर्यटनाला टप्प्याटप्प्याने खुलं केलं, तेव्हा ज्यांची घरं गेली होती त्यांतल्या अनेकांचा त्याला विरोध होता. राहायला घर नसताना पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

माझी आंबा-काजूची बाग वणव्यात गेली. भरपाई मिळते का?

इथे फार ओढाताण होते. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी बघून भरपाई देतो. बाजूच्या डोंगरावरून आलेली आग त्यात बसत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत 'आग' आहे, पण घर, गोठा, जनावर यांचं प्रकरण जितकं सरळ चालतं तितकं बागेचं चालत नाही.

तरीही त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकाला कळवा. पंचनाम्यात झाडांची संख्या, वय आणि 'पूर्ण जळालं की अर्धवट' हे लिहून घ्या. 'बागेचे नुकसान झाले' एवढ्या मोघम वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा. आग तारांच्या ठिणगीने लागली असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि विद्युत निरीक्षकाच्या अहवालाचा आग्रह धरा, त्या अहवालाशिवाय दावा पुढे सरकत नाही. जळालेली झाडं पंचनाम्याआधी तोडू नका.

जाळरेषा म्हणजे काय?

आग पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळा करून ठेवलेला पट्टा. रुंदी जागेनुसार 3 मीटरपासून 12 मीटरपर्यंत. दोन्ही कडांचं गवत विळ्याने कापून पट्ट्याच्या मधोमध ओढतात. वारा पडल्यावर, बहुतेक संध्याकाळी, ते थोडं थोडं पेटवतात. दोन्ही बाजूंना माणसं ओल्या फांद्या घेऊन उभी असतात आणि कडेला गेलेली ज्योत तिथल्या तिथे झोडपून विझवतात. पेटवणारा एकच असतो आणि त्याचा शब्द बाकीच्यांनी ऐकायचा असतो. धुराने डोळे चुरचुरतात, पायाखालची जमीन तापते आणि अंधार पडला तरी शेवटचा निखारा विझेपर्यंत कुणी खाली उतरत नाही. वन विभाग आता पाला उडवायला ब्लोअरही वापरतो.

हे काम वनजमिनीवर वन विभागाला बरोबर घेऊनच करायचं. स्वतःच्या हिमतीवर पेटवायला जाऊ नका.

उपग्रहावरून आग कळते म्हणतात. मग अडतं कुठे?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाइलवर पाठवते. नोंदणी केली तर सामान्य नागरिकालाही त्या मिळतात. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्याला दिसत नाही. सूचना आली तरी डोंगर चढून जायला माणूस लागतोच. आगीवर नजर ठेवणारे फायर वॉचर हंगामी असतात आणि एकेकाच्या वाट्याला येणारं क्षेत्र प्रचंड असतं.

ट्रेकवर असताना आग दिसली तर?

आगीच्या वरच्या बाजूला जाऊ नका. आग चढावर वेगाने धावते आणि घळीत तर फारच. कातळ, उघडा सडा (कातळी माळ), पाणी किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठा. नायलॉनचं जॅकेट काढून टाका, सुती कपडे अंगावर ठेवा. सुरक्षित झाल्यावर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा 112 वर कळवा. प्रशिक्षण नसेल तर विझवायला धावू नका.

वणवा लागून गेलेल्या गावात ट्रेकला जावं का?

जावं, फोन करून जावं. "येऊ का?" असं विचारलं की गावच सांगतं. जळालेल्या उतारावरून वाट सोडून चालू नका, पहिल्या पावसात तर मुळीच नाही. गावात जेवा, मुक्काम करा.

आमच्या ग्रुपला मदत करायची आहे. झाडं लावू का?

पावसाळ्यात शंभर रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा त्याच पैशात जाळरेषेची मजुरी द्या. राखण नसेल तर लावलेली रोपं पुढच्या मार्चमध्ये जळतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उलट वणवा तीन-चार वर्षं रोखला तर जमिनीत असलेल्या बिया आणि खोडांचे फुटवे आपोआप वर येतात.

पैसे एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हातात न देता गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या किंवा ग्रामसभेच्या खात्यात भरा आणि किती जणांना किती दिवसांची मजुरी मिळाली हे बैठकीत वाचून दाखवायला सांगा. तुमची माणसं अंगमेहनतीला येणार असतील तर उत्तमच, पण गावकऱ्यांची मजुरी त्यामुळे कापू नका. वणव्याने गंजी गेलेल्या घराला रोख मदतीपेक्षा चारा पोचवणं जास्त उपयोगी पडतं. टेम्पोचं भाडं वाटून घेतलं तर दोन-तीन ग्रुप मिळून एका वाडीची सोय करू शकतात.

वेळ जानेवारीची ठेवा. तोवर गवत वाळलेलं असतं, भाताची झोडणी उरकून माणसं मोकळी झालेली असतात आणि वन विभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होण्याआधी जाळरेषा पूर्ण करता येते. वनक्षेत्रपालांना पत्र डिसेंबरमध्येच द्या.